मेंदूतील फुगवटा, स्टेंट आणि गुठळीचा ‘खरा’ आकडा

वाचकाचा प्रश्न

एका वाचक भगिनीच्या पत्राचा सारांश असा. त्यांच्या आईचे वय ५६ आहे. सततच्या डोकेदुखीसाठी केलेल्या एमआरआय तपासणीत मेंदूच्या धमनीवर फुगवटा, म्हणजे अ‍ॅन्युरिझम, असल्याचे अनपेक्षितपणे आढळले. तो फुटलेला नाही. नंतरच्या अँजिओग्राफीत तो गळ्यातून वर जाणाऱ्या मुख्य धमनीच्या मेंदूतील भागावर असून ८ मिलिमीटरचा आणि रुंद तोंडाचा आहे, असे दिसले. स्टेंट, म्हणजे धातूची जाळीदार नळी, धमनीत बसवून फुगवट्याच्या आत कॉइल, म्हणजे बारीक धातूच्या तारेची वेटोळी, भरण्याचा सल्ला डॉक्टरांनी दिला आणि त्यासाठी अ‍ॅस्पिरिन व क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू केल्या. चौथ्या दिवशी केलेल्या रक्ततपासणीत क्लोपिडोग्रेलचा परिणाम अपुरा असल्याचे आढळले. अहवालातील आकडा २६२ होता. प्रक्रिया आठवडाभर पुढे गेली असून गोळी बदलण्याचा विचार चालू आहे. गुठळी होण्याचा धोका एका डॉक्टरांनी सहा टक्के सांगितला, तर दुसऱ्यांनी दोन. मामांच्या मते डोक्यात फुटू शकणारी रक्तवाहिनी असताना रक्त पातळ करणे हाच मुळात वेडेपणा आहे. आईला मात्र ‘छोटीशी प्रक्रिया आहे’ एवढेच सांगण्यात आले आहे. आई पित्तासाठी बरीच वर्षे स्वतःहून कॅप्सूल घेते आणि थोरली मावशी मेंदूतील रक्तस्रावाने अकाली गेली, असे उल्लेखही पत्रात ओघात आले आहेत. प्रश्न असा की, खरा आकडा कोणता, आणि जिला गोळी लागू पडत नाही तिने स्टेंट बसवून घ्यावा की नाही?

उत्तर

तुम्ही ‘खरा आकडा कोणता’ असे विचारता, तेव्हा गुठळीचा धोका हा स्टेंटचा ठरावीक गुणधर्म आहे आणि दोघांपैकी एका डॉक्टरांना तो नीट ठाऊक नाही, असे तुम्ही नकळत धरून चालला आहात. माझ्या मते दोघेही बरोबर असू शकतात. रक्तप्रवाह वळवणाऱ्या दाट विणीच्या स्टेंटवरील २९ अभ्यास एकत्र करून २०१३ मध्ये जे विश्लेषण प्रसिद्ध झाले, त्यात सुमारे सहा टक्के रुग्णांना रक्तपुरवठा अडल्यामुळे पक्षाघात झाल्याचे आढळले होते. पण त्या रुग्णांमध्ये मोठे आणि अवघड जागचे फुगवटे बरेच होते आणि ही उपकरणेही तेव्हा नवी होती. पुढे १२ मिलिमीटरपर्यंतच्याच फुगवट्यांवर झालेल्या एका अभ्यासात वर्षभरातील मोठा पक्षाघात किंवा त्यासंबंधीचा मृत्यू यांचे प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास राहिले. तुमच्या आईसाठी सुचवलेला, कॉइल जागेवर धरून ठेवणारा विरळ जाळीचा स्टेंट हा आणखी वेगळा प्रकार आहे, त्यामुळे या दोहोंपैकी कोणताही आकडा तिला जसाच्या तसा लागू होत नाही.

शिवाय मोजले काय, यावरही आकडा अवलंबून असतो. अशा उपचारानंतर एक-दोन दिवसांत विशिष्ट पद्धतीचा एमआरआय केला तर बऱ्याच रुग्णांच्या मेंदूत, काही अभ्यासांत तर निम्म्याहून अधिक जणांच्या, बारीक ठिपके दिसतात. ते सूक्ष्म गुठळ्यांमुळे किंवा हवेच्या कणांमुळे उमटलेले असतात आणि बहुतेक वेळा त्यांची कोणतीही लक्षणे जाणवत नाहीत. ते मोजले तर धोका भयंकर वाटेल; काही तासांत ओसरणारा हाताचा अशक्तपणा मोजला तर तो बराच खाली येईल; कायमचे अपंगत्व तेवढे मोजले तर आणखी खाली. म्हणून पुढच्या भेटीत नुसते ‘किती टक्के’ असे न विचारता, आईसारखा आकार, जागा आणि तोंड असलेल्या किती रुग्णांवर आपण हा उपचार केला आणि त्यांपैकी किती जणांना कायमचे व्यंग आले, असे विचारा. हा प्रश्न उद्धट नाही. ज्यांना आपल्या कामाची नोंद ठेवण्याची सवय असते, ते त्याचे उत्तर देतात.

मुळात गुठळी का होते, हे ध्यानात आले की डॉक्टर कोणत्या गोष्टींचा विचार करत आहेत हेही उमगते. रक्तवाहिनीच्या आतले अस्तर अखंड असते तोवर रक्तातील बिंबाणू, म्हणजे प्लेटलेट, त्याला चिकटत नाहीत. परक्या धातूला मात्र ते लगेच चिकटू लागतात. स्टेंटच्या तारांवर शरीर स्वतःचे अस्तर चढवते, पण त्यासाठी काही आठवडे ते काही महिने जातात आणि तोवरचा काळ जोखमीचा असतो. त्यातही पहिले काही दिवस सर्वांत नाजूक. स्टेंट वाकणाऱ्या धमनीच्या भिंतीला सगळीकडे नीट टेकला नाही, कॉइलचा वेढा त्याच्या जाळीतून मुख्य धमनीत डोकावला, एकाऐवजी दोन स्टेंट लागले, प्रक्रिया लांबली किंवा स्टेंटने झाकलेल्या भागातूनच बारीक फांद्या निघत असल्या, तर धोका वाढतो. फुगवटा फार मोठा असणे, वय जास्त असणे, मधुमेह, रक्तदाब, धमन्या कठीण झालेल्या असणे या गोष्टीही त्यात भर घालतात. यांपैकी अर्ध्याअधिक गोष्टी अँजिओग्राफीच्या चित्रांत आधीच दिसतात, म्हणून ती चित्रे समोर ठेवूनच बोलणे योग्य. फोनवर सांगितलेल्या टक्केवारीला फारसा अर्थ नसतो. प्रत्यक्ष प्रक्रियेच्या वेळी हेपारिन हे रक्त गोठू न देणारे औषध देऊन रक्त गोठण्याचा काळ मोजला जातो आणि तो बहुधा २५० ते ३०० सेकंदांच्या दरम्यान ठेवला जातो. टेबलावरच गुठळी दिसू लागली तर ती विरघळवण्यासाठी टिरोफिबानसारखी औषधे हाताशी असतात. ती तयारी कशी असते, हे विचारायला हरकत नाही.

आता मामांच्या आक्षेपाकडे वळू या, कारण तो वाटतो तितका अडाणी नाही. या गोळ्या घेतल्याने न फुटलेला फुगवटा फुटण्याची शक्यता वाढते, असे निरीक्षणांतून दिसलेले नाही. अ‍ॅस्पिरिनच्या बाबतीत तर काही अभ्यासांचा कल उलट दिशेचा आहे. मात्र दोन्ही गोळ्या चालू असताना तो फुटलाच, तर रक्तस्राव आटोक्यात आणणे अवघड जाते, हे मामांचे म्हणणे खरे आहे. म्हणूनच फुगवटा फुटून आलेल्या रुग्णात डॉक्टर शक्यतो स्टेंट टाळतात आणि न फुटलेल्या फुगवट्यातही या गोळ्या प्रक्रियेच्या थोडेच दिवस आधी सुरू करतात. परंतु गोळ्यांवाचून स्टेंट बसवणे हा पर्याय अस्तित्वातच नाही. मामांना गोळ्या नको असतील तर त्यांनी स्टेंटलाच विरोध करायला हवा, आणि त्या मुद्द्याकडे मी पुढे येणारच आहे. तोवर एक सांगतो: त्यांच्या सांगण्यावरून आईने एखादी गोळी गाळली असेल, तर ते आजच डॉक्टरांना कळवा, कारण तपासणीच्या निकालाचा अर्थ त्याने पूर्ण बदलतो.

कारण तुमच्या पत्रातली सर्वांत मोठी भीती त्या २६२ या आकड्यातून आली आहे. तपासणीत बिंबाणू अजून किती चिकटू शकतात, हे मोजले जाते; आकडा जितका मोठा, तितका क्लोपिडोग्रेलचा परिणाम कमी. काही ठिकाणी २०८ च्या वर गेलेला आकडा अपुऱ्या परिणामाचा मानतात, तर मेंदूच्या फुगवट्यांवरील एका परिचित अभ्यासात २४० च्या वर गुठळीचे आणि ६० च्या खाली रक्तस्रावाचे प्रसंग वाढलेले दिसले. अर्थात आकडा शक्य तितका खाली आणणे हे उद्दिष्ट नव्हे. फार खाली गेला तर तोही धोकाच. या तपासणीत नेमका कोणता आकडा सीमारेषा मानावा याविषयी तज्ज्ञांमध्ये एकमत नाही आणि काही अनुभवी डॉक्टर ती नेमाने करतही नाहीत. वेगवेगळ्या यंत्रांचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत आणि हिमोग्लोबिन कमी असेल तर या पद्धतीत आकडा फुगून येऊ शकतो. तेव्हा ‘आईला गोळी लागू पडत नाही’ हे तुमचे वाक्य मी तरी अजून लिहिणार नाही. ‘चौथ्या दिवशी, त्या परिस्थितीत, परिणाम अपुरा दिसला’ एवढेच आज म्हणता येते.

‘चौथ्या दिवशी’ यावर मी मुद्दाम जोर देतो. क्लोपिडोग्रेल रोज ७५ मिलिग्रॅम या नेहमीच्या मात्रेत सुरू केले आणि आरंभी मोठी मात्रा दिली नाही, तर त्याचा पूर्ण परिणाम दिसायला पाच ते सात दिवस लागतात. आईला सुरुवातीला मोठी मात्रा दिली होती का, हे पत्रावरून कळत नाही, ते विचारा. दुसरे म्हणजे ती पित्ताची कॅप्सूल. क्लोपिडोग्रेल पोटात जाते तेव्हा निष्क्रिय असते. यकृतातील एक विकर (एन्झाइम), सीवायपी-२सी१९, त्याला कामाच्या रूपात आणते. ओमेप्राझोल आणि एसोमेप्राझोल ही पित्तावरची अगदी प्रचलित औषधे नेमके तेच विकर अडवतात. कॅप्सूलच्या पाकिटावर यांपैकी एखादे नाव असेल तर डॉक्टर पँटोप्राझोलसारखा, त्या विकराला कमी अडथळा करणारा पर्याय देऊ शकतात. आई ती कॅप्सूल वर्षानुवर्षे स्वतःहून घेत असल्यामुळे ‘औषध’ म्हणून तिने ती डॉक्टरांना सांगितलीच नसण्याचा संभव मोठा आहे. घरातली सगळी पाकिटे, आयुर्वेदिक चूर्णांसह, एका पिशवीत घालून न्या आणि डॉक्टरांसमोर ठेवा.

हे सगळे तपासूनही आकडा वरच राहिला, तर काही लोकांमध्ये जन्मतःच ते विकर दुबळे असते हे लक्षात घ्यावे लागेल. आशियाई वंशाच्या लोकांत हे प्रमाण युरोपीय वंशाच्या लोकांपेक्षा जास्त आढळते आणि अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१० मध्ये क्लोपिडोग्रेलच्या माहितीपत्रकात याबद्दल ठळक इशारा घातला. त्यात आईचा दोष नाही आणि त्यामुळे स्टेंटचे दारही बंद होत नाही. टिकाग्रेलॉर या पर्यायी औषधाला त्या विकराची गरज लागत नाही. पण ते दिवसातून दोनदा घ्यावे लागते, एखादी मात्रा चुकली तर परिणाम लवकर ओसरतो, काहींना त्याने दम लागल्यासारखे वाटते आणि त्याच्यासोबत अ‍ॅस्पिरिनची मात्रा कमी ठेवावी लागते. प्रासुग्रेल हे तिसरे औषध ज्यांना पूर्वी पक्षाघात किंवा त्याचा तात्पुरता झटका येऊन गेला आहे त्यांना देत नाहीत, म्हणून तशी एखादी जुनी घटना असेल तर ती क्षुल्लक समजून वगळू नका. प्रक्रिया आठवडाभर पुढे ढकलली याचा तुम्हाला त्रास झाला, हे समजते. मला मात्र त्या निर्णयात काळजी घेणारे डॉक्टर दिसतात. न फुटलेल्या फुगवट्याच्या बाबतीत बहुतेक वेळा एक आठवडा थांबणे परवडते, अपुऱ्या औषधावर धातू बसवणे परवडत नाही.

यापुढचा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण तो विचारायला हवा होता: स्टेंट हवाच का? गुठळीचा धोका एकटा तोलता येत नाही. तराजूच्या दुसऱ्या पारड्यात काही न करण्याचा धोका ठेवावा लागतो. सुमारे तीन टक्के प्रौढांच्या मेंदूत असा एखादा फुगवटा असतो आणि त्यांतले बहुसंख्य कधीच फुटत नाहीत. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात मेंदूच्या पुढील भागाकडच्या धमन्यांवरचे ७ ते १२ मिलिमीटरचे फुगवटे पाच वर्षांत २.६ टक्के रुग्णांत फुटले. त्याच आकाराचे पण मागच्या बाजूच्या किंवा मागे जोडणाऱ्या धमनीवरचे फुगवटे १४.५ टक्के रुग्णांत. जपानमधील २०१२ च्या अभ्यासात ७ ते ९ मिलिमीटरच्या फुगवट्यांचे फुटण्याचे प्रमाण वर्षाला १.७ टक्क्यांच्या जवळ होते, पण जपानी आणि फिनिश लोकांत हे प्रमाण इतरांपेक्षा अधिक असते. म्हणजे आईच्या फुगवट्याची जागा ‘मुख्य धमनी’ एवढ्यावर भागत नाही. तो नेमका कोणत्या फांदीच्या मुखाशी आहे, यावर पाच वर्षांचा हिशोब कित्येक पटींनी बदलतो. फुटला तर सुमारे एक तृतीयांश रुग्ण दगावतात आणि वाचलेल्यांपैकी अनेकांना व्यंग राहते. फुटण्याचा धोका वर्षानुवर्षे साठत जातो, तर उपचाराचा धोका बहुतांशी एकदाच, सुरुवातीला पत्करावा लागतो. ५६ व्या वर्षी पुढे बरीच वर्षे आहेत, म्हणून पारडे उपचाराकडे झुकते. ८० व्या वर्षी तोच फुगवटा सापडला असता, तर मी नियमित तपासणी आणि रक्तदाबावर कडक नजर एवढ्यावरच थांबण्याचा आग्रह धरला असता.

उपचार करायचा ठरला तरी तो स्टेंटनेच व्हावा असे नाही. तोंड रुंद असल्यामुळे कॉइल बाहेर निसटू नये म्हणून स्टेंट सुचवला आहे, हे उघड आहे. पण काही रुंद तोंडाचे फुगवटे तात्पुरता बलून फुगवून कॉइल भरतानाही बंद होतात, काहींत फुगवट्याच्या आतच बसणारी जाळी वापरता येते आणि काहींत कवटी उघडून फुगवट्याच्या तोंडाला बाहेरून क्लिप लावणे हाच जास्त टिकाऊ मार्ग ठरतो. या तिन्ही मार्गांत दोन-दोन गोळ्या महिनोन्महिने घेण्याची गरज बहुधा पडत नाही. क्लिपचा धोका अर्थात वेगळा आहे, शस्त्रक्रियेचा. ज्या रुग्णाला गोळ्या नियमित घेणे जमणार नाही, जिला पोटात व्रण आहे, किंवा जिची दुसरी मोठी शस्त्रक्रिया लवकरच करायची आहे, तिच्या बाबतीत हे पर्याय गांभीर्याने पुढे येतात. शक्य असेल तर क्लिप आणि कॉइल दोन्ही करणाऱ्या पथकाचे मत घ्या. फक्त एकच उपचार करणाऱ्याकडून त्याच उपचाराची शिफारस येण्याची शक्यता अधिक असते, आणि त्यात लबाडीच असते असे नाही.

आता जरा अवघड बोलतो. आईला ‘छोटीशी प्रक्रिया’ एवढेच सांगणे तुम्हाला माया वाटते. पण सही तिची आहे, शरीर तिचे आहे आणि पुढचे कित्येक महिने गोळ्या तिलाच घ्यायच्या आहेत. जिला आपल्या धमनीत धातू आहे आणि तो गोळ्यांच्या आधारावर सुरक्षित आहे हे ठाऊक नाही, ती बाई हिरड्यांतून थोडे रक्त आले म्हणून गोळी बंद करील, किंवा दाताच्या डॉक्टरांनी सहज ‘चार दिवस थांबवा’ म्हटल्यावर थांबवील. अचानक गोळ्या बंद होणे हे स्टेंटमध्ये गुठळी होण्याचे फार मोठे आणि पूर्णपणे टाळता येणारे कारण आहे. तिला टक्केवारी पाठ करायला लावू नका. फुगवटा काय आहे, तो का बंद करायचा, गोळ्या का चुकवायच्या नाहीत आणि कोणत्या लक्षणांवर ताबडतोब ओरडून सांगायचे, एवढे डॉक्टरांच्या समोर, तिच्या भाषेत, तिच्या प्रश्नांना जागा ठेवून सांगा. ५६ वर्षांची बाई तुम्ही समजता त्यापेक्षा जास्त सोसू शकते.

प्रक्रियेनंतर दोन्ही गोळ्या साधारणपणे तीन ते सहा महिने चालतात आणि नंतर अ‍ॅस्पिरिन दीर्घकाळ, काहींना कायमचे. नेमका काळ स्टेंटच्या प्रकारावर आणि पुढच्या अँजिओग्राफीवर ठरतो. या काळात टाळता येण्याजोगी शस्त्रक्रिया पुढे ढकलावी. टाळता येत नसेल तर गोळ्यांचा निर्णय स्टेंट बसवणाऱ्या डॉक्टरांशी बोलल्यावाचून कोणीही घेऊ नये. अंगदुखीसाठी आयब्युप्रोफेन परस्पर घेऊ नये, कारण ते अ‍ॅस्पिरिनच्या कामात अडथळा आणते आणि पोटातील रक्तस्रावाचा धोकाही वाढवते. किरकोळ काळे-निळे डाग पडणे अपेक्षित आहे. शौचास काळी, डांबरासारखी होणे किंवा आजवरची सर्वांत तीव्र डोकेदुखी अचानक उठणे हे मात्र अपेक्षित नाही. तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे, एका डोळ्याने अचानक दिसेनासे होणे, यांपैकी काहीही झाले तर ‘थोडे पडून राहते, बरे वाटेल’ याला वाव देऊ नका. पक्षाघातावर चोवीस तास उपचार करणाऱ्या रुग्णालयात थेट जा. तिथे पोचताच स्टेंट कधी बसवला आणि कोणत्या गोळ्या चालू आहेत हे सांगा. रुग्णालयाने दिलेले स्टेंटचे कार्ड आईच्या पर्समध्येच असू द्या. पुढे एमआरआय करतानाही ते लागेल.

शेवटी मावशींबद्दल. त्यांचा रक्तस्राव रक्तदाबाने झाला होता की फुगवटा फुटून, हे जुन्या कागदांतून शोधा आणि डॉक्टरांना सांगा. कुटुंबात असा इतिहास असेल तर आईचा फुगवटा बंद करण्याच्या बाजूने आणखी वजन पडते. आई-वडील, भावंडे आणि मुले या जवळच्या नात्यांत दोन किंवा अधिक जणांना फुगवटा असेल, तर तपासणीचा विचार करावा असे सामान्यतः सुचवले जाते. तुमच्या बाबतीत सध्या तरी एकच, म्हणजे आई, मोजली जाते. मामांच्या दोन सख्ख्या बहिणी मात्र त्यात येऊ शकतात. मावशींचा रक्तस्राव फुगवट्यामुळेच झाल्याचे निघाले, तर गोळ्यांवर वाद घालण्याआधी त्यांनी स्वतःच्या तपासणीविषयी डॉक्टरांना विचारावे, रक्तदाब मोजून घ्यावा, आणि धूम्रपान करत असतील तर ते सोडावे, कारण फुगवटा तयार होणे आणि फुटणे या दोन्हींशी त्याचा संबंध पक्का आहे.